घराच्या वरचे साडेतीन लाख

आमच्या आत्याचा धंद्यातला एकच नियम होता. शिलाईचा भाव एकदा तोंडातून गेला की गेला. त्यात दोरा आला, बटणं आली, काजं आली, अस्तर आलं, आणि आठ दिवसांनी गिऱ्हाईक "कंबरेत जरा घट्ट होतंय हो" म्हणत परत आलं तर तेही आलं. पलीकडच्या गल्लीतला शिंपी बटणांचे वेगळे घ्यायचा, चेनचे वेगळे घ्यायचा, आणि दोनदा मापाला गेलात तर तोंड वाकडं करायचा ते फुकट. आत्या म्हणायची, "भाव सांगितल्यावर परत हात पुढे करायचा म्हणजे भीक झाली ती." मी हे लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की बँकेत लागल्यावर लोकांना कर्जाची प्रोसेसिंग फी सांगताना पहिले सहा महिने माझी जीभ अडखळायची.

आत्या आमच्याकडे आली तेव्हा मी पाच वर्षांची होते. चार दिवसांसाठी म्हणून आली, एक ट्रंक घेऊन. सासरी काय झालं ते कोणी मला सांगितलं नाही आणि पुढे मी विचारलंही नाही. चार दिवसांची चौतीस वर्षं झाली. भाड्याच्या दोन खोल्या आणि मधे एक पॅसेज, एवढंच आमचं घर. पॅसेजला पडदा लावला आणि त्यामागे तिची गादी, तिची ट्रंक आणि पुढच्या वर्षी हप्त्यांवर घेतलेली पायमशीन अशी तिची खोली झाली. खोली म्हणायचं आपलं. बाथरूमला जायचं तर प्रत्येकाला तिच्या अंगावरून जावं लागायचं.

पण मला विचाराल तर सगळ्या घरात तीच जागा खरी. शाळेतून आले की दप्तर फेकून मी सरळ मशीनखाली घुसायचे. तिचे पाय पायट्यावर हलत असायचे, आजूबाजूला चिंध्यांचा ढीग, आणि वरून तिची हाक, "बॉबिन दे गं, लाल." आईने मारायला हात उचलला की मी तिथेच लपायचे, आणि आत्या मशीन न थांबवता सांगायची, "वहिनी, इथे सुया आहेत, जपून." आई पडद्याबाहेर उभी राहून दोन मिनिटं बडबडायची आणि जायची. आजही कुठे मशीनची घरघर ऐकली की माझा जीव शांत होतो. डॉक्टर रक्तदाबाची गोळी देतात तेव्हा मला सांगावंसं वाटतं, अहो, त्यापेक्षा एक मशीन लावा शेजारी.

पुढे तिला दोन शाळांच्या गणवेशांचं काम मिळालं. बावीस वर्षं तिनं ते केलं. दोन बायका हाताखाली होत्या, कापायची मात्र स्वतः. घरात ती खर्चाला पैसे द्यायची, माझ्या फीला द्यायची, आणि उरलेले कुठे जातात ते आम्हाला ठाऊक नव्हतं. बाबा थट्टेनं म्हणायचे, "धाकटीनं ट्रंकेत कारखाना काढलाय." बाबा म्हणजे तिचा दादा. बस डेपोत तिकिटांचा साठा सांभाळायचे. कडक माणूस. भाडं पहिल्या तारखेला, जोडे कोपऱ्यात सरळ रेषेत, आणि कोणाचं काही घ्यायचं नाही. एकदा आमच्या खोल्यांचं छत गळायला लागलं म्हणून मी त्यांना महिनाभर माझ्याकडे या म्हटलं, माझं तेव्हा लग्न झालेलं होतं. आई आणि आत्या आल्या. बाबा एक दिवस आले, खुर्चीच्या कडेवर बसले, पाणी मागतानाही "मिळेल का" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी डेपोच्या विश्रांतिगृहात राहायला गेले. मला इतका राग आला होता की आठवडाभर मी फोन केला नाही. ते म्हणाले, "आश्रित म्हणून राहणं मला जमत नाही. स्वभाव आहे, काय करणार."

बाबा निवृत्त झाले आणि पाचव्या वर्षी घरमालकानं निरोप धाडला. इमारत पाडायचीय, वर्षभरात जागा सोडा. नवीन भाडी ऐकून बाबांनी डोक्याला हात लावला. पेन्शन जेवढी, तेवढं भाडं. ते रोज सकाळी वर्तमानपत्रातल्या जाहिरातींवर खुणा करायचे आणि संध्याकाळी तो कागद घडी करून ठेवायचे. घरात त्यावर बोलणं नको झालं होतं.

आणि अशातच एका मंगळवारी आत्या माझ्या बँकेत आली.

मी गृहकर्जाच्या काउंटरला होते. टोकन नंबर सत्तेचाळीस म्हणून पुकारलं आणि समोर बघते तर आत्या. गळ्यात टेप तशीच.

"अगं, टोकन कशाला घेतलंस? सरळ यायचं ना आत."

"ही बँकेची वेळ आहे. लोक रांगेत आहेत," ती म्हणाली आणि पर्समधून एक पाकीट काढून माझ्यापुढे सरकवलं. "हे वाच आणि मला सांग, ही फसवणूक आहे की माझाच मूर्खपणा."

मी वाचलं, आणि पहिल्यांदा मला कळलं की आमच्या आत्यानं घर घेतलंय. गावाच्या टोकाला नवीन इमारत, दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक बाल्कनी. किंमत वीस लाख. पाया भरला तेव्हा थोडे, एकेक मजला चढला तसे थोडे, असं करत दोन वर्षांत तिनं वीसच्या वीस लाख भरले होते. गणवेशांचे, ठेवींचे, आणि आजीनं तिला दिलेल्या पाटल्यांचे. कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. बाबांना एकदम किल्ली द्यायची, असं तिच्या मनात होतं.

आणि आता बिल्डरचं पत्र आलं होतं. विक्रीखत आणि ताबा मिळण्याआधी, तीस दिवसांत, आणखी साडेतीन लाख भरावे. न भरल्यास बुकिंग रद्द होईल आणि भरलेल्या रकमेतून दहा टक्के कापले जातील.

"भाव वीस लाख सांगितला होता," आत्या म्हणाली. "मी दोनदा विचारलं. वीस लाख म्हणजे वीस लाख ना? तिथली बाई म्हणाली, हो काकू, वीस म्हणजे वीस."

"आत्या, तू मला का नाही विचारलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू दादाला सांगितलं असतंस. तुझ्या पोटात काय राहतं?"

तोंडात मारल्यासारखं झालं मला. मी त्या खुर्चीत बसून रोज दहा माणसांना सांगत होते की घराची किंमत ही घराची किंमत नसते, वर आठ-दहा टक्के धरून चला, स्टॅम्प ड्यूटी आहे, रजिस्ट्रेशन आहे, मीटर आहे. परक्या माणसांना घसा कोरडा करून सांगत होते. आणि माझ्या घरात एक बाई दोन वर्षं एकटी जाऊन हप्ते भरून येत होती, आपल्यासारखेच सगळे भाव सांगतात या भरवशावर. जगात कोणी बटणांचे वेगळे घेतं हे तिला शिंप्यामुळे ठाऊक होतं. पण शिंपी चोर आहे असं तिचं मत असल्यामुळे तो तिच्या हिशेबात धरलेला नव्हता.

"किती उरलेत तुझ्याकडे?"

"एक लाख पंच्याहत्तर हजार. त्यापुढे शून्य. गणवेशांचं काम गेलं यंदा, शाळा आता तयार कपडे मागवते. आणि डोळ्यात मोतीबिंदू आहे, तो डॉक्टर वाट बघतोय."

मी साहेबांना सांगून अर्धा दिवस रजा टाकली. समोरच्या हॉटेलात दोन चहा मागवले आणि पत्र टेबलावर पसरलं. आत्यानं पर्समधून निळा खडू काढला. कापडावर खुणा करायचा, तोच.

"एकेक सांग," ती म्हणाली. "हे पैसे कोणाच्या खिशात जातात एवढंच सांग. बाकी मला कळेल."

मी सांगत गेले. स्टॅम्प ड्यूटी एक लाख वीस हजार, ही सरकारची, ती भरल्याशिवाय घर कागदावर तुझं होत नाही. रजिस्ट्रेशन वीस हजार, तेही सरकारचं. वीज आणि पाण्याची जोडणी पस्तीस हजार, ती त्या त्या खात्यात जाते. सोसायटी स्थापन करायला दहा हजार, ते सगळे घरवाले मिळून भरतात. दोन वर्षांचा देखभाल खर्च आगाऊ, छत्तीस हजार. वकिलाची फी पंचवीस हजार. पार्किंग पंच्याहत्तर हजार. आणि शेवटी 'कागदपत्रे हाताळणी शुल्क', एकोणतीस हजार.

सरकारच्या ओळींपुढे तिनं सरळ रेघ मारली, जोडणी आणि सोसायटीपुढे तशीच, आणि उरलेल्या चार ओळींपुढे फुली. मग बेरजेकडे बोट दाखवलं.

"हे बघ. साडेतीन लाख, वर ना एक पैसा, ना खाली. मी चाळीस वर्षं बेरजा करते. खऱ्या खर्चाची बेरीज इतकी गुळगुळीत येत नाही. आधी आकडा ठरवलाय आणि मग ओळी भरल्यात."

मी लोनच्या खात्यात पंधरा वर्षं काढली होती, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बिल्डरच्या ऑफिसात गेलो. काचेची खोली, मधोमध इमारतीचं छोटं मॉडेल, त्यात हिरवी झाडं आणि चालणारी माणसं. 'वीस म्हणजे वीस' म्हणणारी बाई आम्हाला बघून आत गेली आणि तिच्या जागी मॅनेजर आला. गोड बोलणारा. आत्याला त्यानं 'मावशी' म्हटलं, आणि मला तिथेच कळलं की याचं काही खरं नाही.

"मावशी, पार्किंग सगळ्यांनाच कंपल्सरी आहे."

"माझ्याकडे गाडी नाही."

"पण उद्या घेतलीत तर?"

"बासष्टाव्या वर्षी मी काय गाडी शिकू? तिथे माझी मशीन ठेवायची का?"

मी मधे पडले. बुकिंगच्या कागदात पार्किंग कुठे लिहिलंय ते दाखवा म्हटलं. कागद आला. त्यात बारीक अक्षरांत 'कायदेशीर व इतर शुल्क वेगळे' एवढंच होतं, पार्किंगचं नाव नव्हतं. मॅनेजरचं मावशीपण तिथून कमी व्हायला लागलं. मी म्हटलं, प्रत्येक ओळीची वेगळी पावती लागेल, कोणाच्या नावावर भरले ते लिहून. त्यानं मला विचारलं, "मॅडम कुठे असता आपण?" मी बँकेचं नाव आणि खातं सांगितलं. मग आम्हाला चहा आला.

"आणि हे कागद हाताळायचे एकोणतीस हजार," आत्या म्हणाली. "किती कागद आहेत?"

"असतील साठ-सत्तर."

"कोणी हाताळले?"

मॅनेजर हसला. आत्या हसली नाही. "एकोणतीस हजारांत मी दोन वर्गांचे गणवेश शिवून दिलेत, कापडासकट. मोजून सांगा, मी द्यायला तयार आहे."

दीड तास चाललं. आत्या आवाज चढवत नव्हती आणि उठतही नव्हती. शेवटी त्यानं हात टेकले. पार्किंग गेलं, हाताळणी गेली, देखभाल दोन वर्षांची एकच वर्षाची झाली, वकील पंचवीसवरून दहावर आला. साडेतीन लाखांचे दोन लाख तेरा हजार झाले. जिन्यातून उतरताना मला पंख फुटले होते. आत्या मात्र बोटांवर मोजत होती.

"अडतीस हजार कमी पडतात," ती म्हणाली.

"मी देते."

"आणि मी परत कधी देऊ? काम नाही, डोळे नाहीत. सावकाश दे म्हणशील. सावकाश म्हणजे कधी?"

"परत कोण मागतंय? मला मुलगी समज."

"मुलगी समजूनच नको म्हणते. तुझ्या दोन्ही मुलांच्या फिया आहेत, तुझा हप्ता आहे. महिन्याच्या शेवटी तू माझ्याकडून पाचशे नेतेस, विसरलीस?"

विसरले नव्हते. मग बसथांब्यावर एकदम माझ्या डोक्यात आलं. रोज लोकांना सांगायचे ते आत्याला सांगायचं राहून गेलं होतं. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर आमच्याकडे स्टॅम्प ड्यूटीत दोन टक्के सूट मिळायची. वीस लाखांवर चाळीस हजार. सगळं भरून हातात दोन हजार उरत होते. मी बसथांब्यावरच तिला मिठी मारली.

तिचा चेहरा मात्र पडला.

"नाव दादाचं आहे," ती म्हणाली. "पहिलं दादाचं आणि खाली माझं."

पैसे तिचे, पाटल्या तिच्या, पायऱ्या चढून हप्ते भरले तिनं, आणि अर्जावर पहिलं नाव भावाचं. सूट हवी तर घरात पुरुषाचं नाव असून चालत नव्हतं, दुसरंसुद्धा. आमच्या घरात सगळ्यावर बाबांचंच नाव असायचं. विजेच्या बिलावर, गॅसच्या पुस्तकावर, तिच्या मशीनच्या हप्त्याच्या कार्डावरही. तिला बुकिंगच्या वेळी दुसरं काही सुचलंच नव्हतं, असं मला वाटलं. मी म्हटलं, "काढून टाक. बाबांना तर माहीतही नाही. कोणाचं काय बिघडतंय?"

"वेडी आहेस का? नाव नसलं तर तो येईल का तिथे राहायला?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिनं सवयीनं नाव घातलं नव्हतं, पुरता विचार करून घातलं होतं. तिला घर पाहिजे होतं ते तिघांसाठी. जागा सोडायला चार महिने राहिले होते. आणि बाबा मुलीच्या घरी एक दिवस खुर्चीच्या कडेवर बसणारे. बहिणीच्या घरात ते कसले येतात. स्वतःचं नाव पहिलं असलं तर कुरकुरत का होईना येतील, एवढा एकच मार्ग तिला दिसत होता.

"नाव ठेवलं तर घर जातं," ती म्हणाली. "नाव काढलं तर दादा जातो. रिकाम्या घरात मी एकटी काय करू? बाल्कनीत बसू?"

मी तिला पुष्कळ समजावलं. ती ऐकून घ्यायची आणि मान हलवायची. पंधरा दिवस गेले, वीस गेले. पंचविसाव्या दिवशी ती परत टोकन घेऊन माझ्यापुढे आली आणि एक कागद ठेवला. घर रद्द करण्याचा अर्ज, तिच्या वळणदार अक्षरात.

"भाषा बरोबर आहे का बघ," म्हणाली.

"दोन लाख कापतील, आत्या."

"कापू देत. उरलेल्यांत बरीच वर्षं चांगलं भाडं जाईल तिघांचं. पुढचं पुढे."

मला राग लवकर येतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवशीचा राग वेगळा होता, त्यात रडू होतं. मी तो अर्ज उचलला, काउंटर बंदची पाटी लावली, आत्याला रिक्षात घातलं आणि सरळ घरी नेलं. दुपारची वेळ. बाबा खिडकीत रेडिओचे सेल उन्हाला ठेवत होते. आई निवडायला बसली होती. मी दारातूनच सुरू झाले. वीस लाख, साडेतीन लाख, चाळीस हजार, नाव, सगळं एका श्वासात. आत्या मागे उभी राहून "अगं, अगं" करत होती. शेवटी मी अर्ज बाबांच्या हातात दिला आणि म्हटलं, "तुमच्या मानापायी ही घर सोडतेय. घ्या, वाचा."

बाबांनी चष्मा लावला. अर्ज दोनदा वाचला. त्यांचा चेहरा लाल झाला.

"तू घर घेतलंस?" त्यांनी आत्याला विचारलं. "आणि मला न सांगता माझं नाव घातलंस?"

"सांगितलं असतं तर घेऊ दिलं असतंस का?"

"माझं नाव काढ. आजच काढ. घर तुझं आहे, तू राहा. आमचं आम्ही बघू."

"बघ," आत्या मला म्हणाली. "सांगत होते ना?"

"कोणाच्या का नावावर असेना," आई सुपातून मान वर न करता म्हणाली. "दोन्ही वेळा पाणी येतं का तिथे, तेवढं सांगा."

बाबा उठून उभे राहिले. त्यांना बोलायची सवय नव्हती, अडखळत बोलले. "धाकटे, तू इथे राहिलीस ते वेगळं. तू घरातलीच. मी तुला कधी परकं वागवलं?"

"कधीच नाही."

"कधी एका शब्दानं बोललो?"

"नाही, दादा."

"मग? या घरात तुला कधी वाटलं का, की आपण दुसऱ्याच्या घरात राहतोय?"

त्यांना 'नाही' ऐकायचं होतं. आम्हा सगळ्यांनाच तेच ऐकायचं होतं. आत्यानं गळ्यातली टेप काढली, बोटांवर गुंडाळली.

"रोज," ती म्हणाली.

सूप हलायचं थांबलं. आत्या रागानं बोलली नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं, कोणी माप विचारावं आणि तिनं सांगावं तसं.

"रोज वाटायचं," ती पुढे म्हणाली. "तुम्ही चांगले होता म्हणून जास्तच वाटायचं. पण राहिले. तुम्ही सगळे इथे होतात ना, म्हणून राहिले."

बाबा मागच्या गॅलरीत गेले. मी त्यांच्या मागे जायला निघाले तर आईनं माझा हात धरून बसवलं. मी त्या पडद्याकडे बघत बसले. चौतीस वर्षं मी त्याला घरातली सगळ्यात सुखाची जागा समजत होते. मी मशीनखाली खुशाल लोळत असताना वर ती काय गिळत होती, ते मला कधी दिसलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, अजून वाटते.

बाबा परत आले तेव्हा त्यांनी तोंड धुतलेलं होतं. अर्ज त्यांच्या हातात होता. त्यांनी तो मधोमध फाडला आणि टेबलावर ठेवला.

"चौतीस वर्षं तू राहिलीस," ते म्हणाले. "आता माझी पाळी."

विक्रीखताच्या दिवशी आम्ही चौघं नोंदणी कार्यालयात गेलो. लाकडी बाकं, अंगठ्याला शाई, भिंतीवरचा पंखा एका बाजूलाच फिरणारा. आत्यानं एकवीस पानांवर सह्या केल्या, प्रत्येक सही आधी बोटानं जागा दाखवून घेऊन. साक्षीदार म्हणून बाबांनी सही केली. कारकुनानं विचारलं, खरेदीदार कोण तुमच्या? बाबांनी खाकरून सांगितलं, "धाकटी बहीण." मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या वर्षी झालं. त्याचे पैसे बाबांनी पेन्शनमधून भरले आणि आत्यानं ते मुकाट्यानं घेतले. मला वाटतं, ते तिला जड गेलं असणार.

त्या घरात तिघं अकरा वर्षं एकत्र राहिली. बाल्कनीत मशीन, कठड्याला लागून बाबांची खुर्ची. पहिली दोन वर्षं बाबा चुकत होते. मधेच ताठ व्हायचे, मधेच रुसायचे, एकदा तर भिंतीत खिळा ठोकायचा म्हणून चार दिवस हातोडी घेऊन फिरत होते आणि विचारायचं त्यांच्या जिवावर येत होतं. शेवटी आत्यानंच खिळा ठोकला. मग हळूहळू रुळले. रविवारी मी मुलांना घेऊन जायचे तेव्हा जिन्यातच तिघांची भांडणं ऐकू यायची, आणि बाबांचा आवाज सगळ्यांत वरचा असायचा. मला इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू.

बाबा जायच्या आदल्या वर्षी आमच्या बँकेनं सगळ्या पेन्शनवाल्यांकडून नवीन फॉर्म भरून घेतले. एके सकाळी पेन्शनच्या काउंटरवरचा सहकारी एक फॉर्म घेऊन माझ्याकडे आला.

"मॅडम, हे तुमच्या वडिलांचं. जरा बघा."

राहत्या घरासमोर दोन चौकोन होते, 'स्वतःचे' आणि 'भाड्याचे', आणि एकावर खूण करायची होती. बाबांनी दोन्ही चौकोन सोडून दिले होते. बाजूच्या कोऱ्या जागेत, थरथरत्या पण मोठ्या अक्षरांत, त्यांनी लिहिलं होतं: 'बहिणीचे'. खाली स्वच्छ सही.

"कॉम्प्युटर हे घेत नाही," सहकारी म्हणाला. "नवीन फॉर्म देऊ का त्यांना?"

मी म्हटलं, "कॉम्प्युटरमध्ये 'स्वतःचे' टाक. फॉर्म तसाच राहू दे."